ड जीवनसत्त्व : गरज कुणाची, तपासणी कुणाची?

ड जीवनसत्त्वाविषयी सध्या जो वाद चालतो त्यात दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाच्या मते बहुसंख्य माणसे या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने ग्रासलेली आहेत. थकवा, अंगदुखी, नैराश्य, मधुमेह, हृदयविकार, इतकेच काय, कर्करोगही या कमतरतेपायी होतो, आणि म्हणून प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे व आकडा वर येईपर्यंत गोळ्या घ्याव्यात. दुसऱ्या पक्षाच्या मते हे सारे प्रयोगशाळा आणि औषध कंपन्या यांनी उभे केलेले थोतांड आहे. मोठमोठ्या चाचण्यांतून गोळ्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, तेव्हा जरा उन्हात बसावे आणि विषय मिटवावा. एक पक्ष प्रयोगशाळेचा अहवाल फडकावतो, दुसरा पक्ष चाचण्यांचे निष्कर्ष. माझ्या मते दोघांच्याही नजरेसमोर एकच माणूस आहे : चालता-फिरता, खाऊन-पिऊन सुखी असलेला, स्वतःच्या पैशाने रक्त तपासून घेणारा निरोगी प्रौढ. ड जीवनसत्त्वाची खरी, हाडे वाकवणारी, स्नायू दुबळे करणारी कमतरता मात्र प्रामुख्याने या माणसाला होत नाही. ती होते अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेल्या वृद्धाला, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला, सर्वांग झाकून वावरणाऱ्या स्त्रीला, उत्तरेकडच्या थंड देशात जाऊन राहिलेल्या सावळ्या वर्णाच्या कुटुंबाला. यांना ओळखण्यासाठी रक्त काढावे लागत नाही. म्हणून निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासण्या बंद व्हाव्यात आणि ज्यांचा धोका उघड दिसतो त्यांना तपासणीची वाट न पाहता रोजची लहान मात्रा मिळावी, अशी माझी भूमिका आहे.

हे जीवनसत्त्व इतरांहून वेगळे का आहे, हे समजल्याशिवाय वादाला बैठक मिळत नाही. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्यावर पडले की त्याचे रूपांतर ड जीवनसत्त्वात होते. यकृतात त्यावर पहिला संस्कार होतो आणि मूत्रपिंडात दुसरा. या दुसऱ्या संस्कारानंतर जे तयार होते ते संप्रेरकासारखे काम करते आणि आतड्याला अन्नातले कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. ड जीवनसत्त्व पुरेसे नसेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के रक्तात उतरते. ते पुरेसे असेल तर हेच प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. रक्तातले कॅल्शियम घटू देणे शरीराला परवडत नाही, कारण हृदयाचे आणि मज्जातंतूंचे काम त्यावर चालते. म्हणून तूट पडली की शरीर ती हाडांतून भरून काढते. रक्ताच्या अहवालात आपण जो आकडा पाहतो तो यकृतात तयार होणाऱ्या मधल्या रूपाचा असतो. हे रूप रक्तात दोन-तीन आठवडे टिकते, म्हणून साठा मोजायला सोयीचे आहे. पण प्रत्यक्ष काम करणारे रूप ते नव्हे, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाची पहिली गाठ इथेच पडते.

या वादाला इतिहास आहे आणि तो विसरल्यामुळे आपण जुन्याच चुका नव्याने करीत आहोत. मुलांची हाडे मऊ करून वाकवणाऱ्या मुडदूस या रोगाचे सविस्तर वर्णन फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये इंग्लंडमध्ये केले होते. १८२२ मध्ये पोलिश वैद्य येंजेय श्न्याडेत्स्की यांनी शहरातल्या मुलांना हा रोग होतो आणि खेड्यातल्या मुलांना तितका होत नाही हे पाहून सूर्यप्रकाशाचा उपाय सुचवला. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या धर्मप्रसारक डॉक्टरने जपानमधला आपला अनुभव इंग्लंडमधल्या अनुभवाशी ताडून पाहिला आणि मुडदुसाचा भूगोल हा उन्हाच्या अभावाचा भूगोल आहे, असे मांडले. दोघांकडेही कुणी फारसे लक्ष दिले नाही. मग १९१९ उजाडले आणि एकाच वर्षात परस्परविरोधी वाटणारे दोन शोध लागले. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना सदोष आहार देऊन मुडदूस घडवला आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल, म्हणजे कॉड लिव्हर ऑइल, देऊन तो बरा केला; म्हणजे रोग आहाराचा ठरला. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाने ग्रासलेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्यातले अतिनील किरण देऊन बरे केले. म्हणजे रोग प्रकाशाचा ठरला.

हुल्डशिन्स्कींच्या कामातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले आणि नंतर दोन्ही हातांची क्ष-किरण चित्रे काढली. ज्या हाताला प्रकाश लागलाच नव्हता त्याच्या मनगटाशीही हाडात खनिज भरू लागलेले दिसले. याचा अर्थ, प्रकाशाने त्वचेत असे काही तयार होत होते जे रक्तातून सर्व शरीरभर पोहोचत होते. तिकडे मेलनबींची पिले घराच्या आत, उन्हाविना वाढलेली होती, म्हणूनच आहारातला दोष त्यांच्यात इतका उघडा पडला. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी कॉड लिव्हर ऑइल तापवून व त्यातून हवा खेळवून त्यातले अ जीवनसत्त्व नष्ट केले, तरीही ते तेल मुडदूस बरा करीत राहिले. त्या वेगळ्या घटकाला त्यांनी ड हे अक्षर दिले. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत सापडलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांवर काम करून दाखवून दिले की तेलानेही मुडदूस बरा होतो आणि उन्हानेही. आहारवादी आणि प्रकाशवादी दोघेही बरोबर होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : त्या काळात रक्तातले ड जीवनसत्त्व मोजण्याची सोय कुठेच नव्हती. मुलाचे रुंदावलेले मनगट, बरगड्यांच्या टोकांशी मण्यांच्या माळेसारखे हाताला लागणारे उंचवटे, वजन पेलता न आल्याने कमानीसारखे वाकलेले पाय आणि लांबलेले पहिले पाऊल यांवरून रोग ओळखला जात असे. आणि ज्या मुलांना तो होण्याचा संभव होता त्या सगळ्यांना तेल आणि ऊन दिले जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांत मुडदूस ओसरला तो असा, एकही आकडा न मोजता.

मग आकडा मध्यभागी आला कसा? रक्तातील मोजमापाची तंत्रे गेल्या काही दशकांत सोपी आणि सर्वत्र उपलब्ध झाली. २०१० च्या अखेरीस अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने आपला अहवाल दिला. हाडांच्या आरोग्याचा विचार करून तिने सांगितले की लोकसंख्येतल्या सरासरी माणसाची गरज रक्तात मिलिलिटरमागे १६ नॅनोग्रॅम असली की भागते आणि २० नॅनोग्रॅम असली की जवळजवळ सगळ्यांची, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के लोकांची, भागते. त्यासाठी सत्तरीपर्यंतच्या व्यक्तींना रोज ६०० युनिट (४०० युनिट म्हणजे १० मायक्रोग्रॅम) आणि त्यानंतर ८०० युनिट अशी शिफारस तिने केली. २०११ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २० च्या खाली ‘कमतरता’, २१ ते २९ ‘अपुरेपणा’ आणि ३० च्या वर ‘पुरेसे’ अशी वाटणी केली. प्रयोगशाळांनी बहुतेक ठिकाणी ही दुसरी पट्टी उचलली. त्यामुळे ज्याचा आकडा २४ आला त्याच्या अहवालात खाली वळलेला बाण छापला जाऊ लागला. आदल्या दिवशी जो निरोगी होता तो दुसऱ्या दिवशी रुग्ण झाला, आणि त्याच्या हाडांत मात्र काहीच बदललेले नव्हते.

इथे एक साधी पण सतत होणारी चूक आहे. जवळजवळ सर्वांची गरज भागवणारी पातळी ही प्रत्येकाने गाठलीच पाहिजे अशी किमान पातळी नव्हे. ज्याची गरज १४ ने भागते तो १८ वर असताना त्याला कमतरता कशी म्हणता येईल? समितीच्या हिशेबाप्रमाणे १६ या पातळीवर निम्म्या लोकांची गरज आधीच पूर्ण झालेली असते. तरीही २० च्या खालच्या प्रत्येकाला ‘कमतरता’ या रकान्यात टाकले की आजाराची साथ आल्याचा भास आपोआप निर्माण होतो. हा आक्षेप बाहेरच्या कुणी घेतलेला नाही. त्या समितीतल्याच काही तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहून आपल्या आकड्यांचा असा अर्थ लावणे चूक असल्याचे सांगितले. इतकेच नव्हे, तर ज्या एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेघ ओढली होती तिनेच २०२४ च्या नव्या मार्गदर्शिकेत २० आणि ३० या दोन्ही रेघांना असलेला पाठिंबा काढून घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला दिला. अहवालांवरचे बाण त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले.

३० च्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद पोकळ होता असे मात्र मी म्हणणार नाही. ड जीवनसत्त्व घटले की कॅल्शियम राखणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण वाढते, आणि ही वाढ काही अभ्यासांत ३० च्या आसपास थांबलेली दिसते. २०१० मध्ये जर्मनीत ६७५ मृत व्यक्तींच्या हाडांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा ३० च्या वर असलेल्या एकाही व्यक्तीच्या हाडात खनिज भरण्यातला रोगट दोष आढळला नाही. हा पुरावा वजनदार आहे. पण त्याच अभ्यासात २० च्या खाली असलेल्या अनेकांची हाडेही निर्दोष होती, हे सांगायचे राहून जाते. ३० च्या वर दोष नाही याचा अर्थ ३० च्या खाली दोष आहेच असा होत नाही. शिवाय पॅराथायरॉइड संप्रेरक स्थिर होण्याचा बिंदू निरनिराळ्या अभ्यासांत इतका निरनिराळा निघालेला आहे की त्यावर सर्वांसाठी एक रेघ ओढणे धाडसाचे ठरते.

पहिल्या पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे वेगळेच आहे आणि ते प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. अभ्यासामागून अभ्यासात असे दिसले आहे की ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असते त्यांना हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, नैराश्य आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक होतात. या जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक रेणू (रिसेप्टर) शरीरातल्या असंख्य पेशींत आहेत. मग हा संबंध निव्वळ योगायोग म्हणून कसा झटकायचा? तो योगायोग नाहीच. पण त्याची दिशा उलटी असू शकते. आजारी माणूस बाहेर कमी पडतो, म्हणून त्याला ऊन कमी लागते. स्थूल व्यक्तीच्या चरबीत हे जीवनसत्त्व पसरून जाते, म्हणून रक्तातला आकडा खाली राहतो. शरीरात दाह असला तर आकडा आपोआप उतरतो. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही दिवसांत तो लक्षणीय घसरलेला आढळला आहे, आणि तेवढ्या दिवसांत कुणाचे ऊन किंवा आहार इतका बदलत नाही. खालावलेला आकडा हा पुष्कळदा आजाराची सावली असतो, आणि सावलीवर उपचार करता येत नाहीत.

वैद्यकाने हा धडा एकदा फार मोठी किंमत मोजून घेतलेला आहे. १९८० च्या दशकात रक्तात बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतले रंगद्रव्य, कमी असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो, असे अभ्यासांतून दिसत होते. तर्कही सुसंगत होता, पदार्थ नैसर्गिक होता, निर्धोक मानला जात होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आला, तो असा की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक होते. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांनी स्त्रियांचे हृदय जपले जाते हा विश्वासही असाच निरीक्षणांवर उभा होता आणि २००२ मध्ये चाचणीने तो मोडून काढला. ड जीवनसत्त्व बीटा-कॅरोटीनसारखे घातक निघाले असे मला म्हणायचे नाही. तसे ते निघालेले नाही. पण ‘कमी असणाऱ्यांना रोग जास्त होतो’ या वाक्यावरून ‘जास्त दिल्याने रोग कमी होईल’ या वाक्यावर उडी मारता येत नाही, हे आपल्याला १९९४ पासून ठाऊक आहे. तरीही ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत ती उडी पुन्हा मारली गेली.

या उडीची परीक्षाही झाली. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ स्त्री-पुरुषांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा निष्प्रभ गोळी देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले गेले. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाल्याचे दिसले नाही. २०२२ मध्ये हाडे मोडण्याच्या प्रमाणातही फरक नसल्याचे स्पष्ट झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ व्यक्तींना रोज ४००० युनिट देणाऱ्या ‘डी-टू-डी’ चाचणीत २०१९ मध्ये मधुमेहाच्या प्रमाणात ठोस म्हणता येईल असा फरक आढळला नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१ हजारांहून अधिक लोकांना दरमहा ६०,००० युनिट देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. दुसरा पक्ष इथे टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, संपला विषय.

विषय संपत नाही. पहिल्या पक्षाचा यावरचा आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे : ‘व्हायटल’ चाचणीत भाग घेणाऱ्यांची सुरुवातीची सरासरी पातळीच ३०.८ नॅनोग्रॅम होती. म्हणजे ज्यांच्यापाशी मुळात भरपूर होते त्यांना आणखी दिले गेले. भिजलेल्या रानाला आणखी पाणी दिले म्हणून पीक दुप्पट येत नाही, आणि त्यावरून पाण्याची पिकाला गरजच नाही असेही सिद्ध होत नाही. खरोखर कमतरता असलेल्या हजारो लोकांना वर्षानुवर्षे निष्प्रभ गोळी देऊन काय होते ते पाहत राहणे कुठल्याही नीतीत बसणार नाही, म्हणून तशी मोठी चाचणी सहसा होऊ शकत नाही. मात्र जिथे धोका दाट होता तिथले निष्कर्ष बघा. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० वयस्कर स्त्रियांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ८०० युनिट ड जीवनसत्त्व आणि सोबत १.२ ग्रॅम कॅल्शियम दिले गेले. दीड वर्षात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. हे श्रेय एकट्या ड जीवनसत्त्वाचे नाही, कॅल्शियमचेही आहे. पण त्या स्त्रिया उन्हात जात नव्हत्या, त्यांच्या त्वचेची निर्मितीक्षमता वयाने क्षीण झाली होती आणि त्यांचा आहार तोकडा होता. नेमकी हीच माणसे मोठ्या चाचण्यांत भाग घेत नाहीत, कारण चाचणीला येण्यासाठी घराबाहेर पडावे लागते. तेव्हा पहिल्या पक्षाचा आक्षेप खरा धरला तर त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना हवा तो निघत नाही. भरपूर असणाऱ्यांना दिल्याने काही साधत नाही, हे त्यांनीच कबूल केले. मग निरोगी प्रौढाला ३० च्या पुढे ढकलण्याचा आग्रह कशासाठी?

‘घेतले तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न यानंतर हमखास येतो. स्वस्त आहे, सुरक्षित आहे, उपयोग झाला नाही तरी अपाय नाही. रोजच्या लहान मात्रेपुरते हे खरे आहे. पण आकडा झपाट्याने वर आणण्याच्या घाईत मात्रा लहान राहत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवरच्या चाचणीत अर्ध्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले गेले. ज्येष्ठांना रोज गोळी लक्षात राहत नाही, तेव्हा वर्षाची मात्रा एकदम द्यावी, हा विचार वरवर पाहता किती सोयीचा! २०१० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार ड जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रियांत पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी अधिक होते. ज्या गोष्टीपासून वाचवायचे तीच वाढली. हे जीवनसत्त्व चरबीत साठते. अतिरेक झाला तर रक्तातले कॅल्शियम चढते, तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, संभ्रम अशी लक्षणे येतात, मूत्रपिंडाला इजा होते, आणि गोळ्या थांबवल्या तरी हा त्रास काही आठवडे ते महिने रेंगाळतो. असा अतिरेक क्वचितच होतो, पण तो जवळजवळ नेहमी मोठ्या मात्रांनी होतो. उन्हाने होत नाही, कारण ऊन फार झाले की त्वचा तयार झालेला माल स्वतःच निरुपयोगी रूपांत मोडून टाकते. शरीराने निसर्गतः ठेवलेला हा बांध गोळी ओलांडून जाते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘उन्हात बसा’ हा सल्ला ऐकायला सात्त्विक वाटतो आणि कित्येकांच्या बाबतीत तो पुरेसाही आहे. परंतु तो सर्वांना देणे म्हणजे ज्यांना ऊन मिळत नाही त्यांचे अस्तित्वच नाकारणे होय. बॉस्टन शहराच्या अक्षांशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात निरभ्र दिवशीही त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण तिरप्या उन्हातले आवश्यक किरण वातावरणातच शोषले जातात. हाच नियम सकाळच्या कोवळ्या उन्हालाही लागू पडतो; आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल तेव्हा त्या उन्हातून फारसे काही पदरात पडत नाही. बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, कारण साधी काच ते किरण अडवते. खिडकीपाशी बाळाला घेऊन बसणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायला हवे. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य तेच किरण शोषून घेते, त्यामुळे तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी अधिक वेळ लागतो. वाढत्या वयात त्वचेतला मूळ पदार्थच घटतो. दाट धुरक्याखालच्या शहरात किरण जमिनीवर पोहोचताना मंदावतात. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व नगण्य असते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये असे बालरोगतज्ज्ञच सांगतात. शिवाय गोऱ्या त्वचेच्या लोकांना मनमुराद उन्हाचा सल्ला देताना त्वचेच्या कर्करोगाचा विसर पडून चालणार नाही. या सगळ्यांना ‘निसर्गाने सोय केलेली आहे’ असे सांगणे निर्दय आहे. आहारातून भरपाई करावी म्हटले तर तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि अतिनील प्रकाशात ठेवलेली अळिंबी सोडली तर या जीवनसत्त्वाचे नैसर्गिक साठे फारच थोडे आहेत.

मग करायचे काय? ज्याला हाडांत खोल दुखते, जिना चढताना मांड्यांत बळ उरत नाही, ज्याच्या आतड्याला अन्न शोषता येत नाही, ज्याचे यकृत वा मूत्रपिंड आजारी आहे, जो अपस्माराची काही विशिष्ट औषधे दीर्घकाळ घेत आहे, त्याचे रक्त जरूर तपासावे; तिथे आकडा उपचार ठरवतो. ज्यांना धोका आहे पण लक्षणे नाहीत त्यांना रोजची लहान मात्रा थेट द्यावी : तान्ह्या बाळांना जन्मापासून ४०० युनिट, घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांना ८०० च्या आसपास. ब्रिटनमध्ये २०१६ पासूनची शिफारस अशी आहे की शरद आणि हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करावा आणि ज्यांना ऊन मिळत नाही त्यांनी वर्षभर. त्यासाठी कुणाचे रक्त काढायला सांगितलेले नाही. ‘मोजल्याशिवाय औषध कसे द्यायचे?’ असे विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो की मिठात आयोडीन घालताना कुणाचे आयोडीन मोजले जाते? गर्भधारणेच्या आधी फोलिक आम्ल घ्यायला सांगताना किती स्त्रियांच्या रक्ताचा अहवाल मागितला जातो? धोका दाट, मात्रा लहान आणि अपाय नगण्य असेल तिथे मोजमाप उपचाराला उशीर करण्यापलीकडे काही साधत नाही.

त्याहून पुढचा उपाय म्हणजे रोजच्या अन्नातच हे जीवनसत्त्व मिसळणे. फिनलंडने २००३ पासून दुधात आणि ब्रेडवर लावायच्या स्निग्ध पदार्थांत ते मिसळले आणि २०१० मध्ये प्रमाण दुप्पट केले. २००० ते २०११ या काळात तिथल्या प्रौढांची सरासरी पातळी सुमारे १९ वरून २६ नॅनोग्रॅमवर गेली, तीही अशा देशात जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम उगवतो. या उपायावरचा गंभीर आक्षेपही इतिहासातूनच येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या दूधभुकटीत, धान्याच्या खाद्यात आणि कॉड लिव्हर ऑइलमध्येही ड जीवनसत्त्व होते. सगळे मिळून काही बाळांच्या पोटात ते फार जाऊ लागले, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तातले कॅल्शियम घातक पातळीवर गेलेली बाळे आढळू लागली. १९५७ मध्ये प्रमाण कमी करण्यात आले. पुढे २०११ मध्ये कळले की काही बाळांत हे जीवनसत्त्व मोडून टाकणाऱ्या जनुकातच दोष असतो आणि इतरांना सोसणारी मात्राही त्यांना सोसत नाही. म्हणून अन्नात मिसळणे टाळावे का? माझ्या मते ब्रिटनमधली चूक मिसळण्याची नव्हती. एकाच बाळाच्या ताटात किती ठिकाणांहून किती जाते याची बेरीज कुणी केली नव्हती, ही ती चूक होती. कोणत्या एक-दोन पदार्थांत, किती प्रमाणात, आणि दर काही वर्षांनी लोकसंख्येच्या नमुन्यात त्याचा परिणाम काय, हे बांधून घेतले तर ही चूक टाळता येते. रक्त तपासण्याची खरी जागा इथे आहे : धोरण नीट चालले आहे का हे पाहण्यासाठी काढलेल्या निवडक नमुन्यांत.

निरोगी लोकांच्या तपासण्यांवर खर्च होणारा पैसा त्यांचा स्वतःचा आहे, तेव्हा इतरांनी त्यात नाक का खुपसावे, हा शेवटचा आक्षेप. पैसा त्यांचा असला तरी डॉक्टरांचा वेळ, प्रयोगशाळांची क्षमता आणि लोकांचे लक्ष सामायिक असते. ज्या दवाखान्यात २४ आकड्याची चिंता घेऊन आलेल्या निरोगी माणसाला समजावण्यात दहा मिनिटे जातात, तिथे नवजात बाळाच्या आईला ड जीवनसत्त्वाच्या थेंबांविषयी सांगायला एक मिनिटही उरत नाही. शिवाय आकड्याला चिकटलेल्या माणसाला त्याच्या थकव्याचे खरे कारण शोधायची गरज वाटेनाशी होते. झोपेचा अभाव, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य गोळीखाली झाकले जाते आणि महिनोन्‌महिने तसेच राहते. बाळ जन्मल्यावर त्याच्या लसीकरणाचा तक्ता हातात दिला जातो. त्याच कागदावर रोजच्या ४०० युनिट थेंबांची एक ओळ छापावी, आणि वृद्धाश्रमांच्या रोजच्या औषधांच्या यादीत ८०० युनिटची नोंद कुणाच्या अहवालाची वाट न पाहता असावी. या दोन्ही गोष्टींसाठी नवे संशोधन लागत नाही. १९२२ पर्यंत व्हिएन्नात जे कळले होते ते पुरेसे आहे.